मदत हवी आहे : दोन वर्षांची घोडी पुढच्या पायाने लंगडतेय

मंडळी, लोहा तालुक्यातून लिहितोय. माळेगावच्या यात्रेत घेतलेली आमची घोडी आठ दिवसांपासून पुढच्या उजव्या पायाने लंगडतेय. मऊ मातीत जरा बरी चालते, मुरमाच्या रस्त्यावर मात्र पाय टेकवायलाच तयार नाही. खूर चाचपला तर दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, वरची नाडी थडथड उडते. काल तळव्याच्या मधल्या खाचेतून काळी, चिकट घाण निघाली. वास हाताला रात्रीपर्यंत होता. पावसात तबेल्यात चिखल साचला होता, चूक आमचीच.

डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. रोज कोमट मिठाच्या पाण्यात खूर बुडवून कोरडा करतो. आत पू असेल तर तळवा कोरून वाट करून द्यावी लागते एवढं कळतं, पण ते जाणत्या हाताचंच काम.

परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी घोडं नेलंय का? खुराचा एक्स-रे होतो का? नांदेड-लातूरकडे खूर नीट तासणारा भरवशाचा नालबंद कुणाला माहीत आहे का? टेम्पोत एवढा वेळ उभं राहणं तिच्या पायाला झेपेल का, हीच धास्ती आहे. कालपासून कडबासुद्धा अर्धाच खातेय. लवकर सांगा.