जास्तीची तिकिटे नफ्याने विकणे: कायद्याने चालेल का, आणि योग्य ठरेल का?

अनुस्वार

एका लोकप्रिय गायकाच्या मैफलीची चार तिकिटे मी विक्री सुरू होताच काढून ठेवली होती; एका व्यक्तीला तेवढीच घेता येत होती. त्यांपैकी दोन ज्या नातेवाइकांसाठी होती, त्यांना आता येणे जमणार नाही. सगळी तिकिटे केव्हाच संपली असून पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर आमच्याच रांगेतल्या जागांना छापील किमतीच्या तिपटीहून अधिक भाव लागला आहे. घरात यावरून मतभेद आहेत. भावाचे म्हणणे असे की घर, गाडी किंवा जुने नाणे आपण बाजारभावाने विकतो, मग तिकिटाचेच काय वेगळे? पत्नीला वाटते की हा शुद्ध काळाबाजार आहे आणि तो आपण केला म्हणून तो निराळा ठरत नाही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. अशी एखाद-दुसरी विक्री कायद्याच्या कचाट्यात सापडते का? आणि समजा सापडत नसेल, तरी वरचा पैसा घेणे योग्य म्हणता येईल का?

कलमदर्शी

आपल्या भावाच्या युक्तिवादात एक गृहीतक आहे, ते आधी तपासून पाहावे लागेल. तिकीट ही घरासारखी किंवा नाण्यासारखी आपल्या मालकीची वस्तू आहे असे ते धरून चालतात. पण तिकीट म्हणजे मुळात ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी प्रवेश करण्याची परवानगी असते आणि परवानगी देणाऱ्याच्या अटी तिच्याबरोबरच येतात. इंग्लंडमधल्या 1845 सालच्या ‘वुड विरुद्ध लेडबिटर’ या खटल्यात हा विचार फार कठोरपणे मांडला गेला होता. डॉनकास्टरच्या घोड्यांच्या शर्यतींचे तिकीट रीतसर पैसे मोजून घेतलेल्या माणसाला तिथून बाहेर काढण्यात आले, तेव्हा पैसे घेतले असले तरी परवानगी मागे घेता येते, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे 1915 मध्ये एका चित्रपटगृहाच्या प्रकरणात ही भूमिका बरीच सैल झाली आणि पैसे भरलेल्या प्रेक्षकाला विनाकारण बाहेर काढणे बेकायदा ठरले. तरीही प्रवेशाचा हक्क कराराच्या अटींनी बांधलेला असतो, हे सूत्र कायम राहिले.

म्हणून पहिली गोष्ट अशी की तिकीट काढताना आपण ज्या अटी न वाचता मान्य केल्या, त्या आता नीट वाचाव्यात. पुनर्विक्रीला मनाई असेल आणि तरीही आपण तिकिटे विकलीत, तर एवढ्यावरून तो गुन्हा होतोच असे नाही. पण आयोजक ती तिकिटे रद्द करू शकतात. त्याचा फटका आपल्याला बसत नाही, आपल्याकडून विकत घेणाऱ्याला बसतो.

गुन्हा केव्हा होतो याचे उत्तर देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्यांची तिकिटे परवानगीविना विकणे 1994 च्या कायद्याने गुन्हा ठरले. त्यामागे नफेखोरीपेक्षा सुरक्षिततेची काळजी मोठी होती, कारण तिकिटे भलत्या हातांत गेली की दोन्ही संघांचे समर्थक एकाच कक्षात येऊन बसतात. मैफली आणि नाटकांसाठी मात्र तिथे कितीही भाव लावण्याची मोकळीक राहिली. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने विक्रेत्यावर आसन, छापील किंमत आणि तिकिटावरचे निर्बंध सांगण्याचे बंधन तेवढे घातले. छापील किमतीपेक्षा जास्त दराने पुनर्विक्री करण्यावर बंदी घालण्याचा इरादा तिथल्या सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केला. आयर्लंडने हे पाऊल 2021 मध्येच उचलले होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने मूळ किमतीवर दहा टक्क्यांपर्यंतच वाढ मान्य केली आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने 2017 च्या कायद्यात पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली होती; पण सत्तांतरानंतर आलेल्या सरकारने ती अमलात येऊच दिली नाही.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा कायदा मला जपानचा वाटतो. जून 2019 पासून तिथे मूळ किमतीहून अधिक दराने तिकिटे विकल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही विक्री पुनःपुन्हा, धंदा म्हणून केलेली असावी लागते आणि तिकिटावर पुनर्विक्रीला मनाई असल्याचे लिहिलेले असावे लागते. प्रसंगवशात दोन तिकिटे विकणारा माणूस त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्येही तिकिटांच्या अनधिकृत विक्रीचा उल्लेख आहे, पण तो टोळीच्या किंवा गटाच्या सदस्यांनी केलेल्या कृत्यांच्या संदर्भात येतो. थोडक्यात, बऱ्याच ठिकाणी आपली विक्री गुन्हा ठरणार नाही, काही ठिकाणी निश्चित ठरेल. कार्यक्रम जिथे आहे तिथला कायदा पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

मुक्तद्वार

कायद्याविषयीचे विवेचन मला मान्य आहे. पण पुनर्विक्रेत्याला सरसकट खलनायक ठरवण्यापूर्वी त्याचा नफा कुठून येतो तेही पाहिले पाहिजे. आयोजकाने तिकिटाची किंमत मागणीच्या मानाने पुष्कळ कमी ठेवली, म्हणून ही फट निर्माण झाली. ज्याला कार्यक्रम अगदी शेवटच्या आठवड्यात कळला किंवा विक्रीच्या दिवशी जो कामात अडकला होता, त्याला पुनर्विक्रीचा बाजार नसेल तर कोणताच मार्ग उरत नाही. फिलिप लेस्ली आणि अॅलन सोरेन्सन या अर्थतज्ज्ञांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की पुनर्विक्रीमुळे तिकिटे त्यांना अधिक मोल देणाऱ्यांकडे पोहोचतात. मात्र नफ्याच्या आशेने तिकिटे आधी पटकावण्याची जी चढाओढ लागते तिच्यात या फायद्याचा काही भाग वाया जातो, हेही त्याच अभ्यासात आहे.

शिवाय सगळा टंचाईचा दोष दलालांच्या माथी मारणे बरोबर नाही. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मोठ्या मैफलींची सरासरी 46 टक्के तिकिटेच सर्वसामान्यांसाठी खुली होत होती. बाकीची कलावंत, प्रायोजक आणि आतल्या गोटातील मंडळींसाठी राखलेली असत किंवा विशिष्ट कार्डधारकांना आधीच विकली जात. पहिल्या पाच मिनिटांत तिकिटे संपली असे आपण ऐकतो, तेव्हा त्यांतली निम्म्याहून अधिक त्या पाच मिनिटांत विक्रीला आलेलीच नसण्याची शक्यता असते.

समपदी

मुक्तद्वार यांनी दिलेली आकडेवारी महत्त्वाची आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. तिकिटे अधिक मोल देणाऱ्यांकडे पोहोचतात, या विधानात मोल पैशांत मोजले आहे. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची ओढ जास्त, असा त्याचा अर्थ होतो आणि तो खरा नाही. तासन्‌तास रांगेत थांबण्याची तयारी असलेला विद्यार्थी आणि तिप्पट भाव सहज मोजू शकणारा श्रीमंत प्रेक्षक, यांपैकी कोणाला त्या गाण्याची तहान अधिक आहे हे दरावरून ओळखता येत नाही.

किंमत कमी ठेवणे ही आयोजकाची चूक असते, हे गृहीतकही मला मान्य नाही. अनेक कलावंत जाणूनबुजून दर खाली ठेवतात, कारण त्यांना सभागृहात सर्व थरांतले रसिक हवे असतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उन्हाळ्यात पब्लिक थिएटर ही संस्था शेक्सपिअरची नाटके विनामूल्य दाखवते आणि त्या प्रवेशिकांसाठी लोक पहाटेपासून रांग धरतात. तिथेही पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभे राहणारे निघाले आणि प्रवेशिका विकायला ठेवणारेही निघाले. ज्या नाटकाला किंमतच ठेवलेली नाही त्याच्या प्रवेशिकेवर कमावलेला पैसा कोणाच्या श्रमाचा? नटांच्या नाही, संस्थेच्या नाही, विकणाऱ्याच्याही नाही. एका संस्थेने सर्वांसाठी ठेवलेले दान मध्येच अडवून त्याचे पैसे केले, एवढेच तिथे घडते. कमी दराच्या तिकिटावरही तत्त्वतः हेच घडते, फक्त दानाचा वाटा लहान असतो.

पुनर्विक्रेता जोखीम पत्करतो, म्हणून नफा त्याचा हक्क आहे, असेही म्हटले जाते. पण ती जोखीम पत्करावी अशी गरज कोणाचीच नव्हती. तिकिटे त्याने घेतली नसती तरी ती प्रेक्षकांनी घेतलीच असती. अमेरिकेत बॉटच्या, म्हणजे आपोआप खरेदी करणाऱ्या संगणक-प्रणालीच्या, साह्याने खरेदीची मर्यादा ओलांडण्यावर 2016 च्या कायद्याने बंदी आली आणि त्याखालील पहिली कारवाई जानेवारी 2021 मध्ये झाली. त्यातल्या तीन दलाल कंपन्यांनी काही वर्षांत दीड लाखाहून अधिक तिकिटे उचलल्याचा आरोप होता, तोही शेकडो बनावट किंवा दुसऱ्यांच्या नावाच्या खात्यांआडून. अशा खरेदीने बाजारात काहीच नवे येत नाही. आधी जी टंचाई थोडी होती ती वाढवायची आणि मग तिच्यावर उपाय म्हणून स्वतःलाच पुढे करायचे, असा हा व्यवहार आहे, आणि तो मला अन्यायकारक वाटतो.

अनुस्वार, आपण दलाल नाही आणि आपली खरेदी प्रामाणिक होती, यात शंका नाही. म्हणून तिकिटे विकण्यात मला काहीही गैर दिसत नाही. ती वाया गेली तर दोन खुर्च्या रिकाम्या राहतील आणि त्यात कोणाचेही भले नाही. छापील किंमत, तिच्यावर भरलेले आरक्षण शुल्क आणि कर हे सगळे वसूल करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्यापलीकडच्या रकमेबाबत मात्र मी आपल्या पत्नीच्या बाजूने आहे. एका व्यक्तीला चारच तिकिटे, अशी मर्यादा आयोजकाने घातली ती आपण ही तिकिटे स्वतः वापरणार या विश्वासावर. त्या विश्वासामुळे आपल्याला जे मिळाले, तेच दुसऱ्याला तिपटीने देणे म्हणजे मर्यादेमुळे बाहेर राहिलेल्या माणसाकडूनच त्या मर्यादेची किंमत वसूल करणे होय. जास्तीचे पैसे एखाद्या चांगल्या कामाला देऊन टाकू, असाही मार्ग काही जण सुचवतात. हेतू चांगला असला तरी ते दान वस्तुतः खरेदीदाराने दिलेले असते, आणि ते द्यायचे की नाही हे त्याला विचारलेले नसते.

अनुस्वार

आपणा सर्वांचे आभार. अटी वाचल्या, अनधिकृत पुनर्विक्रीला मनाई आहे, पण आयोजकांकडे तिकिटे परत घेण्याची काहीच सोय दिसत नाही. म्हणजे विकायची नाहीत आणि परतही करायची नाहीत, असाच अर्थ निघतो. छापील किमतीला विकायला मी तयार आहे, पण तेही अटींचे उल्लंघनच ठरेल ना?

प्रवेशद्वार

मोठ्या कार्यक्रमांच्या प्रवेशव्यवस्थेत मी काम करतो, त्यामुळे याची दुसरी बाजू मला रोज दिसते.

आपली तक्रार रास्त आहे. परतीची वाट न ठेवता पुनर्विक्रीला मनाई करणे हा आयोजकांचा दुटप्पीपणा आहे आणि काळ्याबाजाराला त्यातूनच बळ मिळते, असे माझे स्पष्ट मत आहे. इटलीने 2019 मध्ये पाच हजारांहून अधिक क्षमतेच्या कार्यक्रमांना तिकिटावर प्रेक्षकाचे नाव सक्तीचे केले, तेव्हा नाव बदलून देण्याची आणि अधिकृत मार्गाने पुनर्विक्री करण्याची सोय ठेवण्याचे बंधनही घातले. बंधन आणि सोय अशी जोडीने आली, तरच नियम लोकांना पाळता येतो.

फसवणूक कशी होते ते सांगतो, म्हणजे सावधगिरी का हवी ते कळेल. कुटुंब येते, फोनवर क्यूआर कोडचे छायाचित्र दाखवते, यंत्रावर लाल दिवा लागतो आणि पडद्यावर ‘आधीच वापरले आहे’ असे येते. एकच छायाचित्र विक्रेत्याने चार-पाच जणांना विकलेले असते आणि पहिला आत गेला की बाकीचे सगळे आमच्यासमोर येऊन उभे राहतात. त्यांच्याकडे पैसे दिल्याचा पुरावा असतो, मुलांनी नवे कपडे घातलेले असतात, आणि आम्हाला त्यांना आत सोडता येत नाही, कारण त्या आसनांवर आधीच कोणी बसलेले असते. याच कारणाने आता काही कंपन्यांच्या तिकिटांवरचा कोड दर काही सेकंदांनी बदलतो आणि छायाचित्र निरुपयोगी ठरते. ज्यांच्या हातात अजून आलेलीच नाहीत अशी तिकिटेही काही विक्रेते यादीवर चढवतात. भाव उतरला की ती घेऊन पुढे देतात, भाव चढला की खरेदीदाराला शेवटच्या दिवशी नकार कळवतात.

आपल्याला माझा सल्ला असा आहे. आयोजकांच्या ग्राहक-सेवेला लेखी कळवावे की दोन प्रेक्षक येऊ शकत नाहीत, तेव्हा तिकिटे परत घ्यावीत किंवा छापील किमतीला दुसऱ्याच्या नावावर करू द्यावीत. अटींत मनाई असूनही अशी लेखी विनंती मान्य झालेली मी अनेकदा पाहिली आहे, कारण रिकामी खुर्ची त्यांनाही नको असते. परवानगी मिळाली तर तिकिटे त्यांच्याच अॅपमधून हस्तांतरित करावीत, कोडचे छायाचित्र कोणालाही पाठवू नये, आणि परवानगीचे ते लेखी उत्तर तिकिटे घेणाऱ्यालाही द्यावे, म्हणजे दारावर अडचण आली तर तो दाखवू शकेल. उत्तर आलेच नाही, तर उरलेल्या दोन आसनांवर ओळखीच्या माणसांना आपल्याबरोबर घेऊन या. चारही तिकिटे आपल्याच खात्यावर असल्याने तिकिटांवर वेगळी नावे नसतील, तर आमच्याकडची तपासणी खातेदारापुरतीच होते, आणि खातेदार बरोबर असलेल्या माणसांना आम्ही अडवत नाही.