मुलं घराबाहेर पडल्यावर तुम्हाला कशाने बरं वाटलं? (अनुभव धागा)

दुपारची_वेळ
आज सकाळी खालच्या मजल्यावरची ताई दूधवाल्याला सांगत होती, "उद्यापासून एकच पिशवी टाका." मी कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं होतं, तिथेच थांबले. तिची लेक रविवारी बंगळूरला गेली, पहिलीच नोकरी. मला एकदम २०१४ आठवलं. माझा मुलगा हैदराबादला गेला आणि त्यानंतर सव्वा महिना मी दूध कमी केलंच नाही. दीड लिटर दूध दोघांना, त्यात यांना दूध आवडत नाही. रोज साय काढायची, विरजायची, घुसळायची, लोणी कढवायचं. फळीवर तुपाच्या चार बरण्या झाल्या तेव्हा यांनी विचारलं, अगं कोणासाठी एवढं, आणि मी ओट्याशी उभी राहून जी रडले. दूध कमी करा म्हणायचं म्हणजे तो आता इथे राहत नाही हे माझ्या तोंडाने म्हणायचं. भेटेल तो म्हणायचा, "सुटलीस की आता! फिरा दोघं मस्त." ते ऐकून अजूनच एकटं वाटायचं. संध्याकाळी त्या ताईकडे जायचंय. काय बोलू? तुम्हाला कशाने आधार वाटला ते लिहा, कितीही लहान असू दे.

सोलापूरकरीण
वाचून डोळे भरले गं. आमच्याकडे तर नोकरीपर्यंत थांबायचंच नाही, दहावीचा निकाल लागला की घर रिकामं. मुलगा १६ वर्षांचा असताना लातूरला गेला, नीटसाठी. त्याची सायकल अंगणात होती तिच्यात मी दर रविवारी हवा भरायचे, कोणी बसणार नव्हतं तरी. शेजारच्या काकूंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, पुढच्या रविवारी पंप घेऊन त्याच आल्या. एवढंच. पण मला ते अजून पुरतंय. कुकर झाला, येते परत

मेथकूट_भात
चार बरण्या तूप!! काय केलंस मग त्याचं?

दुपारची_वेळ
बेसनाचे लाडू केले आणि त्याच्या मित्राबरोबर पाठवले, उरलेलं तूप नणंदेला दिलं.

म्युनिकहून
मी दुसऱ्या बाजूने लिहू का, मी गेलेली मुलगी आहे. उन्हाळ्यात आम्ही साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, मी ऑफिसातून घरी येऊन फोन करेपर्यंत आईचे साडेअकरा वाजलेले असायचे. ती जागी राहायची आणि "छे गं, झोपच येत नव्हती" म्हणायची. जेवलीस का, थंडी आहे का, पैसे आहेत ना, झालं, मग दोघी गप्प. आता रविवारी ती फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवते, मी माझा खिडकीत ठेवते आणि दोघी आपापला स्वयंपाक करतो. पंधरा पंधरा मिनिटं कोणी बोलत नाही, नुसता तिच्या फोडणीचा आवाज. मध्येच ओरडते, गॅस बारीक कर. तेव्हा ती घरात असल्यासारखं वाटतं, तिलाही तसंच वाटतं म्हणाली. आणि हो, फराळ बरोबर देणाऱ्यांनो, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, माझे पेढे विमानतळावर काढून घेतले. चकली, चिवडा द्या.

मेथकूट_भात
पेढे गेले 😭 चकली वाटेत मोडू नये म्हणून काय करता?

म्युनिकहून
आई डब्यात खाली-वर चुरमुरे भरते.

जुन्नरची_आजी
माझं वय ७४. तुमचे फोन बघून १९९१ आठवतं, थोरला पुण्याला कॉलेजात होता. सकाळच्या एसटीने डबा जायचा, कापडात गाठ मारून, वर त्याचं नाव शिवलेलं. शिवाजीनगरला तो उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. मी डबा धुवायच्या आधी उघडून बघायची काय उरलंय. कारल्याची भाजी तशीच परत आली की समजायचं, पोरगं ठणठणीत आहे. दोन दिवस सगळं साफ संपलं तर जीव खाली-वर, पैसे संपले असतील, बाहेरचं काही खात नसेल. कंडक्टर बिचारा सांगायचा, "आई, आज तोंड उतरलेलं होतं त्याचं" किंवा "आज हसत आला." त्याने फार सांभाळलं मला.

सोलापूरकरीण
आजी 🙏 कारल्याचं वाचून हसू पण आलं आणि रडू पण

बाबा_क
बाबांनी लिहिलं तर चालेल ना? स्टेशनवर सोडून आल्यावर बायको रडली, मी गाडी धूत बसलो. आठ दिवस रोज धुतली. तिला वाटलं मला काहीच वाटत नाही आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली. शेवटी एकदा लेकीच्या खोलीत जाऊन दोघं बसलो तेव्हा कुठे कोंडी फुटली. त्या ताईंच्या यजमानांचीही चौकशी करा.

निवांत७२
सगळ्यांपेक्षा वेगळं लिहितेय. मला बरं वाटलं होतं, खरंच. २२ वर्षं पहाटे पाचला डबे केले, मुलगा गेला त्या सोमवारी सात वाजेपर्यंत झोपले. आणि मग आठवडाभर स्वतःचा राग, आपण कसली आई. ज्यांना असं वाटतं त्याही आया आहेत, कृपया त्यांना वेगळं समजू नका.

पंचेचाळीशी_पार
निवांतताई, लिहिलंत बरं केलंत. माझं जरा लांबेल. आमचं घर रिकामं नव्हतंच, सासूबाई अंथरुणावर होत्या, त्यांचं सगळं मीच करायचे. पण लेक गेली आणि माझ्याशी बोलणारं माणूस गेलं. मी ४९ ची होते, पाळी जायची वेळ, रात्री घामाने उशी भिजायची, झोप नाही. सगळे म्हणायचे मुलीच्या आठवणीने होतंय, मीही तेच धरून बसले. आठ महिने. केस विंचरायचा कंटाळा, देवापुढे दिवा लावायचा कंटाळा. एक दिवस सासूबाईंना भरवताना त्यांनीच माझा हात धरला, "तुझं काहीतरी दुखतंय, डॉक्टरकडे जा." थायरॉईड वाढलेला निघाला, त्याची गोळी सुरू झाली आणि नैराश्यही होतं, त्यासाठी समुपदेशन घेतलं. बायांनो, दोन-तीन आठवडे उलटूनही झोप, भूक, उत्साह परत येत नसेल तर आठवण म्हणून सोडून देऊ नका. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आणि रात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, घरच्यांना सांगा आणि लगेच फोन करा. ज्या सासूबाईंचं मी करत होते त्यांनाच ते दिसलं, बाकी कोणाला नाही.

नाशिककर_विद्यार्थिनी
❤️ मला मुक्त विद्यापीठाने हात दिला. बारावीनंतर लग्न झालं होतं, ५२ व्या वर्षी बीएला नाव घातलं. लेकाच्याच टेबलावर अभ्यास करते, त्याने कोरलेलं क्रिकेटरचं नाव अजून आहे त्यावर. पण पहिल्या महिन्यात मला कोणी "काहीतरी शिक, मन रमव" म्हणालं असतं तर चिडले असते. आधी रडू द्या त्यांना.

मेथकूट_भात
माझी मुलगी अजून नववीत आहे आणि मी आत्तापासूनच हा धागा सेव्ह करून ठेवलाय

दुपारची_वेळ
जाऊन आले. आजी, तुमचा कंडक्टर डोक्यात होता, म्हणून "सुटलीस" वगैरे काही नाही, नुसतं विचारलं, लेकीला काय आवडतं खायला? पाऊण तास बोलत होती. साबुदाण्याची खिचडी, बटाटा जास्त, मिरची अख्खी, दाण्याचं कूट भरड. तिचे यजमानही बाहेर येऊन बसले, म्हणाले ती शेवटी दही घ्यायची वरून. उद्या एकादशी, आमच्याकडे करतोय, चौघांची. जास्तीची एक पिशवी मीच सांगितलीय दूधवाल्याला, दही लावायला.