मदत हवी आहे: सर्जरीच्या रेसिडेंटना जांघेची रचना पोटाच्या आतून कशी शिकवावी?

नमस्कार. मी बेळगावात सर्जन असून आठवड्यातून दोन संध्याकाळी एम.एस. आणि डी.एन.बी. या सर्जरीच्या पदव्युत्तर परीक्षांना बसणाऱ्या सहा रेसिडेंटना शरीररचना शिकवतो. खानापूर आणि चंदगडकडून अंतर्गळाचे (हर्नियाचे) रुग्ण आमच्याकडे सतत येत असल्यामुळे या मुलांनी शस्त्रक्रिया भरपूर पाहिल्या आहेत. तरीही व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) सरावात ती नेमकी इथेच अडखळतात, आणि चूक त्यांच्या पाठांतरात नसून माझ्या शिकवण्यात असावी, असे मला वाटू लागले आहे.

पहिल्या वर्षी डिसेक्शन करताना त्यांनी जांघ समोरून पाहिलेली असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तोच भाग मागून, बेंबीकडून पायांकडे पाहिल्यासारखा दिसतो. त्यामुळे उजव्या अंतर्गळात शरीराची मध्यरेषा पुस्तकातल्या चित्रात आपल्या उजव्या हाताला असते, तर पडद्यावर ती डाव्या हाताला येते. मागच्या आठवड्यात एकाने फळ्यावर ‘ट्रायँगल ऑफ डूम’ (मोठ्या रक्तवाहिन्यांचा धोक्याचा त्रिकोण) बिनचूक काढला: मध्यरेषेच्या बाजूने व्हास डेफरन्स (शुक्रवाहिनी), दुसऱ्या बाजूने गोनॅडल वाहिन्या (वृषणाच्या रक्तवाहिन्या), टोक डीप रिंगपाशी (जांघेतल्या नलिकेच्या आतल्या तोंडापाशी) आणि तळाशी एक्स्टर्नल इलियाक ही पायाकडे जाणारी मोठी धमनी व शीर. लगेच मी शस्त्रक्रियेचे चित्रीकरण थांबवून तोच त्रिकोण दाखवायला सांगितले, तेव्हा त्याचे बोट गोनॅडल वाहिन्या ओलांडून शेजारच्या ‘ट्रायँगल ऑफ पेन’वर (नसांच्या त्रिकोणावर) टेकले. जाळी टाचणारा टॅकर पहिल्या त्रिकोणात बसला तर रक्तस्राव, दुसऱ्यात बसला तर मांडीची चिवट दुखणी, हे त्याला तोंडपाठ होते. जागा तेवढी ओळखता आली नाही.

यात भाषेचाही गुंता आहे. वर्गात मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकत्रच चालते. ‘मीडियल’साठी (म्हणजे मध्यरेषेच्या बाजूसाठी) कुणी ‘आतली बाजू’ म्हणतो, कुणी कन्नडमधले ‘ओळगडे’, आणि दोन्ही शब्दांचा अर्थ ‘खोलवर’ असाही होतो. आता मी ‘मध्यरेषेकडे’ याखेरीज दुसरा शब्द चालू देत नाही, त्याने थोडा फरक पडला आहे.

सलाईनच्या नळ्यांत लाल आणि निळी शाई भरून, व्हाससाठी पांढरी दोरी घेऊन, हिरव्या टॉवेलवर टाके घालून एक नमुनाही केला. टॉवेल उलटा केला की मागची बाजू दिसते, पण कापडाला खोली नसल्यामुळे वाहिन्या पेरिटोनियमखाली (पोटाच्या आतल्या पातळ अस्तराखाली) दडलेल्या असतात ही गोष्टच त्यात हरवते.

देहदान हा आमच्या भागात अनोळखी विषय नाही, डॉ. महांतेश रामण्णवर यांनी २०१० मध्ये बेळगावात स्वतःच्या वडिलांच्या दान केलेल्या देहाचे विच्छेदन केले होते. मात्र डिसेक्शन हॉलमधले टेबल आम्हांला पहिल्या वर्षाचे वर्ग सुटल्यावर, जेमतेम तासभर मिळते, आणि फॉर्मलिनने ताठरलेल्या देहात पेरिटोनियम सोडवताना बराच वेळ जातो.

म्हणून शरीररचना किंवा सर्जरी शिकवणाऱ्यांना विचारतो. बेंबीच्या वरून आडवा छेद घेऊन, दोन्ही कुशींतून खाली कापत आणून पोटाची पुढची भिंत जांघेपाशी न तोडता पायांकडे उलटवली, तर मागची बाजू दिसेल असा माझा अंदाज आहे. असे कुणी केले आहे का? भिंत उलटवताना डीप रिंगपाशी व्हास आणि गोनॅडल वाहिन्या ताणून तुटतात का? आणि परीक्षेला तीन महिने उरलेल्या मुलांना समोरची बाजू पुन्हा शिकवावी, की थेट मागूनच सुरुवात करावी?