लाटेकमध्ये आलेख भलत्याच पानावर जातोय

ठाणे खाडीच्या क्षारतेवर प्रबंध लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं मांडायची प्रणाली) लिहितेय, ऐरोलीत राहते. पायथनमधून काढलेले पीएनजी आलेख छापल्यावर पुसट दिसतात. त्यात भरती-ओहोटीचा आलेख थेट संदर्भसूचीपाशी जाऊन बसलाय! गाईड म्हणतात, वर्डमध्येच कर.

— वर्डचं नावच नको. पायथनमध्ये आलेख साठवणाऱ्या सेव्हफिग आज्ञेत फाइलच्या नावाचा शेवट पीएनजीऐवजी पीडीएफ करा. कितीही मोठं केलं तरी रेषा फाटत नाहीत. खाडीचे फोटो मात्र जेपीजीच ठेवा. फिगसाइझ, म्हणजे आलेखाचा आकार, मजकुराच्या रुंदीएवढा घ्या, म्हणजे अक्षांवरचे आकडे मुंगीएवढे होणार नाहीत.

— फिगर तरंगतीच असते, जागा मिळेल तिथे टेकते. तिला एचटीबीपी (इथे, पानाच्या वर, खाली किंवा वेगळ्या पानावर) हा पर्याय देऊन बघा. तरी हटली नाही तर प्लेसइन्स पॅकेज घ्या आणि प्रकरण संपताना फ्लोटबॅरिअर ही आज्ञा टाका, आकृती तिच्यापुढे जात नाही.

— पीडीएफ झकास! आलेखही जागेवर आला. पण मजकुरात आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक येतोय.

— लेबल (क्रमांकासाठीची खूण) कॅप्शनच्या खाली घ्या. मग दोनदा कंपाइल करा, म्हणजे फाइल चालवून पीडीएफ बनवा.