डिजिटल अल्टीमीटरचं ऑफसेट सेटिंग, मदत हवी आहे

मंडळी, स्कायडायव्हिंगसाठी मनगटावरचा डिजिटल अल्टीमीटर (उंची दाखवणारं यंत्र) नवीन घेतलाय, बेसिक सेटिंग जमलं, युनिट फूटमध्ये ठेवलंय, जमिनीवर ऑन केला की आपोआप शून्य होतो तेही कळलं. अडलंय ते ऑफसेटपाशी, म्हणजे उडण्याची आणि उतरण्याची जागा वेगळ्या उंचीवर असली की जो फरक टाकायचा असतो त्यापाशी. विमान जिथून उडतं त्यापेक्षा लँडिंगची जागा ३०० फूट उंच आहे, म्हणजे काहीच सेट केलं नाही तर पाय टेकताना स्क्रीनवर ३०० दिसणार आणि हवेत असताना खरी उंची दाखवतो त्यापेक्षा कमी असणार, बरोबर ना? मग ऑफसेट प्लस टाकायचा की मायनस? मॅन्युअलमधलं वाक्य दोन्ही अर्थाने वाचता येतंय आणि उलटं टाकलं तर फरक थेट ६०० फुटांचा, फ्रीफॉलमध्ये (पॅराशूट उघडण्याआधी पडताना) तेवढं अंतर साधारण तीन-साडेतीन सेकंदात संपतं, म्हणून अंदाजाने काही करायचं नाहीये. इन्स्ट्रक्टरला विचारणारच आहे, पण वापरणाऱ्यांचा अनुभवही हवाय.

अजून एक, हेल्मेटमधल्या ऑडिबललाही (ठरवलेल्या उंचीला कानाशी बीप देणारा अल्टीमीटर) हाच ऑफसेट वेगळा द्यावा लागतो का? आणि पाठीवर पडताना मनगट शरीरामागच्या कमी दाबाच्या हवेत गेलं की आकडा जास्त दाखवतो म्हणतात, तुम्ही तेव्हा कशावर भरवसा ठेवता?