मिड-रेंज पीसीवर १४४० पी आणि १४४ हर्ट्झ: जमतं, आणि चांगलं जमतं

रात्रपाळी

नवा मॉनिटर घ्यायचा विषय निघाला की हल्ली एकच सल्ला मिळतो: "वरच्या श्रेणीचं ग्राफिक्स कार्ड नसेल तर १०८० पी (१९२० × १०८० पिक्सेल) वरच थांब." मला हा सल्ला अजिबात पटत नाही. त्यापायी लोक २७ इंची पडद्यावरही १०८० पी घेतात आणि पुढची पाच वर्षं जाडेभरडे पिक्सेल बघत बसतात.

मिड-रेंज म्हणजे काय ते आधी ठरवू. राइझन ५ ७६०० सारखा सहा कोरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय किंवा एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी कार्ड. कार्ड १६ जीबी मेमरीवालंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरून जुळवा नाहीतर ऑनलाइन मागवा, असं मशीन. माझं म्हणणं असं की हे मशीन १४४० पी (२५६० × १४४०) वर उच्च रिफ्रेश रेटसाठी पुरेसं आहे; १४४ हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, रॉकेट लीग यांत ते सेकंदाला १४४ फ्रेमच्या (चित्रांच्या) सहज वर राहतं. मोठ्या, कथाप्रधान खेळांत सावल्या, धुकं आणि प्रतिबिंबं 'अल्ट्रा'वरून 'हाय' किंवा 'मीडियम'वर आणली की फ्रेम झपाट्यानं वाढतात आणि चित्रात फरक शोधावा लागतो.

४के (३८४० × २१६०) वर १४४ ची गोष्ट मी करत नाहीये. ती वेगळी श्रेणी आहे.

काटेकोर

असहमत. आधी गणित मांडतो, कारण या चर्चांत तेच कोणी करत नाही.

१०८० पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. आता सेकंदाचा हिशेब धरा. ४के वर ६० फ्रेम म्हणजे साधारण ४९.८ कोटी पिक्सेल. १४४० पी वर १४४ फ्रेम म्हणजे ५३ कोटी. म्हणजे ४के-६० ला जे कार्ड आपण 'कमी पडतं' म्हणतो, त्याच्याकडून त्याहून जास्त काम मागतो आहोत. आणि प्रत्येक फ्रेमला वेळ किती? ६.९ मिलिसेकंद.

सायबरपंक २०७७ मध्ये पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवण्याचं सर्वांत जड रूप) चालू केलं तर तुमचं ५०६० टीआय नेटिव्ह, म्हणजे सगळे पिक्सेल स्वतः रंगवून, १४४० पी वर ६० फ्रेमही गाठत नाही. रे ट्रेसिंग बंद करा म्हणाल, तर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस या दोन्हींना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सची तर अधिकृत शिफारसच १०८० पी, ६० फ्रेम आणि तेही फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मधल्या फ्रेम कार्डानं स्वतः बनवणं) चालू ठेवून, अशी होती. खेळ या दिशेनं चाललेत आणि तुम्ही लोकांना जास्त पिक्सेलचा पडदा घ्यायला सांगताय.

रात्रपाळी

@काटेकोर, गणित बरोबर आहे, पण ते सगळे पिक्सेल कार्डालाच रंगवावे लागतात असं गृहीत धरलंय. डीएलएसएस हे एनव्हिडियाचं अपस्केलिंग, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र रंगवून ते मोठं करणं. त्याच्या 'क्वालिटी' मोडमध्ये १४४० पी साठी खेळ आतून साधारण १७०७ × ९६० वर रेंडर होतो. तो १०८० पी पेक्षाही कमी भार आहे! वर अपस्केलिंगचा खर्च येतो, तो थोडा. २०२५ मध्ये आलेलं डीएलएसएस ४ चं ट्रान्सफॉर्मर मॉडेल आणि आरएक्स ९००० मालिकेवरचं एएमडीचं अपस्केलिंग एफएसआर ४ बघा. कुंपणाच्या तारा, केस, दूरची पानं, ही सगळी पूर्वी दुखरी ठिकाणं होती. आता चित्र टिकून राहतं.

फ्रेम जनरेशन मात्र मी या हिशेबात धरत नाही. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम तयार करायची तर दुसरी फ्रेम थोपवून ठेवावी लागते, म्हणजे माउस हलवल्यावर प्रतिसाद उशिरा. मूळ फ्रेम ६० च्या खाली असतील तर पडद्यावर त्याच्या दुप्पट दिसतात आणि हाताला ६० हून वाईट लागतं. अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन या दोन वेगळ्या गोष्टी एकाच 'नकली' शिक्क्याखाली ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

कडक_चहा

मला फक्त व्हीरॅमबद्दल, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीबद्दल बोलायचंय. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी अशी येतात, आणि नाव तेच. दुकानात 'टीआय' ऐकून माणूस निघतो आणि घरी ८ जीबी येतं. २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांची काय दैना झाली ते आठवा: धूसर टेक्स्चर, मध्येच अडखळणं. पुढे पॅच आले, सुधारलं, पण इशारा तर मिळालाच होता.

व्हीरॅम संपली की फ्रेम हळूहळू कमी होत नाहीत, एकदम ठेचकाळतात. सरासरी ९० दाखवते आणि '१ टक्का लो' (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग) ३० वर. म्हणून धागाकर्त्यानं १६ जीबी म्हटलंय ते ठळक करून लिहायला हवं होतं. ८ जीबीवाल्यांना हा धागा लागू नाही.

निशाणा_नाशिक

मी स्पर्धात्मक खेळतो, म्हणून माझी बाजू थोडी वेगळी. सगळे कार्डावर भांडतायत. १४४ च्या वर जायचं तर प्रोसेसर आडवा येतो. रिझोल्यूशन वाढवल्यानं प्रोसेसरचं काम फारसं वाढत नाही, फ्रेम वाढवल्यानं वाढतं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर, ग्रेनेड आणि दहा खेळाडू एका साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) आले की ग्राफिक्स कार्ड निवांत असतं आणि फ्रेम तरी कोसळतात.

तपासायची सोपी रीत: रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. नाही वाढल्या तर प्रोसेसर किंवा रॅम. रॅमची १६ जीबीची एकच काडी लावून दिलेली मशीन मी कितीतरी पाहिली आहेत. दोन काड्या लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या ठरलेल्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) चालू करा, इतकं केलं तरी 'लो' सुधारतात. एएमडीच्या जुन्या एएम४ मदरबोर्डावर असाल तर राइझन ७ ५८००एक्स३डीसारखा ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा) प्रोसेसर मिळतोय का बघा, बोर्ड बदलायची गरज नाही.

तेव्हा उत्तर 'हो', पण प्रोसेसरमध्ये काटकसर करून नाही.

काटेकोर

म्हणजे आता यादी बघा: १६ जीबीच हवं, प्रोसेसर चांगला हवा, रॅम जुळवलेली हवी, सेटिंग खाली हवी, अपस्केलिंग हवं. एवढ्या अटी लावल्यावर 'जमतं' म्हणायचं का? नवख्या माणसाला हे कोण सांगतं? तो तर खोक्यावरचा '१४४ हर्ट्झ' वाचून घेतो. माझं अजूनही मत आहे की २४ इंची १०८० पी, १८० हर्ट्झ घ्यावा आणि वाचलेले पैसे कार्डात घालावेत. तिथे हेच कार्ड कुठलीही तडजोड न करता जास्त वर्षं टिकेल.

वऱ्हाडी_पिक्सेल

अकोल्यातून लिहितोय. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं, त्यामुळे एक मुद्दा मांडतो जो कुणी मांडला नाही. ५०६० टीआय १८० वॉटचं, आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॉटचं. कार्ड जेवढी वीज घेतं तेवढी सगळी उष्णता खोलीतच सोडतं. नुसत्या कूलरवर चालणाऱ्या खोलीत वरच्या श्रेणीचं कार्ड म्हणजे शेजारी हीटर लावून बसणं. शिवाय यूपीएसवर वीज गेल्यावर मशीन नीट बंद करण्याएवढा वेळ मिळायला हवा की नाही? आमच्यासाठी मिड-रेंज हीच शहाणी निवड आहे, आणि तीवर १४४० पी चालत असेल तर तो पडदा का घेऊ नये?

रात्रपाळी

@काटेकोर, तुमच्या २४ इंची पर्यायात खोट नाही. फक्त खेळ आणि खेळच असेल तर घ्या. पण बहुतेकांचा पीसी एकच असतो. त्यावर कोड लिहिला जातो, एक्सेल उघडतं, पोरांचा अभ्यास होतो. २७ इंचावर १०८० पी म्हणजे इंचाला ८२ पिक्सेल, १४४० पी म्हणजे १०९. देवनागरी वाचताना तर हा फरक डोळ्यात भरतो, जोडाक्षरं मोकळी दिसतात. दिवसाचे आठ तास जे बघायचंय ते मी 'अल्ट्रा'च्या सावल्यांसाठी सोडणार नाही.

आणि १४४ गाठलेच पाहिजेत असंही नाही. फ्रीसिंक किंवा जी-सिंक (पडद्याचा रिफ्रेश रेट खेळाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू असेल तर ९० ते १२० च्या मध्ये फिरणारा खेळही न फाटता, न अडखळता वाहतो. जड खेळात ९०, हलक्यात २००. पडदा दोन्हींना पुरतो.

नवीन_खाते

हे सगळं वाचून घाबरलोय. माझ्याकडे ९०६० एक्सटी १६ जीबी आहे, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला, पण जुन्या ६० वाल्यापेक्षा वेगळं काहीच वाटत नाहीये. कार्ड कमी पडतंय का?

निशाणा_नाशिक

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट बघा. बहुतेक ६० वरच असेल, तो हातानं १४४ करावा लागतो. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बघा: जुनी एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्ट लावा, आणि ती मदरबोर्डला नाही, कार्डला लावलीय याची खात्री करा. मग खेळाच्या आत फ्रेम लिमिट आणि व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधून ठेवणारी सेटिंग) तपासा. एवढं झाल्यावर खेळाचं नाव आणि फ्रेम इथे लिहा, पुढचं बघू.