गळपट्टा नको, हार्नेसच
कुत्र्याला आपल्या कमरेच्या पट्ट्याला दोरीनं जोडून सोबत पळायचं कसं, या प्रश्नावर कुत्र्याच्या साध्या गळपट्ट्याला दोरी बांधून रंकाळा तलावावर पळवा, असं वर कुणीतरी सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. कुत्रं पुढं ओढायला लागलं की सगळा ताण श्वासनलिकेवर येतो, आणि धापा टाकूनच तर ते अंग थंड ठेवतं. ओढायचा हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज) घ्या: भार छातीच्या हाडावर, खांदे मोकळे, पट्ट्याखाली दोन बोटं सरकावीत. दोरी साधारण २ मीटर, लवचिक. दोरीचं दुसरं टोक अडकवायचा तुमचा पट्टा मात्र कमरेखाली, नितंबांवर बसवा; वर सरकला की प्रत्येक हिसका पाठीत बसतो.

उन्हाचं कुणीच लिहिलं नाही. एप्रिल-मेमध्ये उजाडतानाच निघा. डांबरावर हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर परत फिरा. मोठ्या जातीचं पिल्लू साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत नुसतं चालवा.